घरी मोटरसायकलची देखभाल: आधी पाना ओळखा, मग जोर मोजा

प्रश्न असा आहे: सव्वाशे सीसीची रोजच्या वापरातली गाडी आहे, वॉरंटी संपली आहे. तेल, चेन, प्लग, ब्रेकचा प्ले (ब्रेक लागण्याआधीची पेडलची मोकळी हालचाल) एवढी कामं घरच्या घरी करायची आहेत. त्यासाठी शंभरावर नगांचा टूल सेट घ्यावा का, आणि सुरुवात कुठून करावी?

सेट घेऊ नका. त्या पेटीतले सत्तर-ऐंशी नग तुमच्या गाडीला कधीच लागत नाहीत. जे लागतात, नेमके त्यांचेच जबडे मऊ लोखंडाचे निघाले तर बोल्टची डोकी गोल होतात. आठ-दहा चांगली हत्यारं सुटी घ्या आणि उरलेल्या पैशांत टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेल्या जोराला "टक्" असा आवाज करणारा पाना, घ्या. घरी काम शिकणाऱ्याच्या हातून गाडी सहसा खोलताना बिघडत नाही. ती बिघडते कसताना. आटे जातात, बोल्ट तुटतो, झाकणाला चीर पडते. हे सगळं एकाच कारणाने होतं: जोर किती लावला याचा अंदाज नसतो. म्हणून हे उत्तर मुख्यतः कसण्याबद्दल आहे.

आधी पाने. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांची इंजिनं जपानी घराण्यातली आहेत, आणि जपानी पद्धतीत बोल्टच्या डोक्यांची मापं ८, १०, १२, १४, १७ अशी जातात. ६ मिमी बोल्टला १० चा पाना, ८ मिमीला १२ चा, १० मिमीला १४ चा. युरोपी पद्धतीत ८ मिमी बोल्टचं डोकं १३ चं असतं, त्यामुळे हार्डवेअरच्या दुकानातून आणलेला बदली बोल्ट कधी कधी १३ चा निघतो आणि १२ चा पाना त्यावर बसत नाही. अशा वेळी १४ चा पाना लावून भागवायचं नाही. एका मिलिमीटरचा फरक बोल्टचे कोपरे खायला पुरेसा आहे.

एक बाजू उघडी आणि दुसरी रिंग असलेले ८, १०, १२, १४ आणि १७ चे कॉम्बिनेशन पाने घ्या. नाशिकला कारखाना असलेल्या टपारियाचे किंवा त्याच तोडीच्या दुसऱ्या कंपनीचे घेतले तर पुढची पंधरा वर्षं बघायला नको. ८, १० आणि १२ च्या लांब टी-पान्यांशिवाय गाडीवर हात नीट चालत नाही, गॅरेजमधला मुलगा दिवसभर तेच वापरतो. मागच्या ॲक्सलचा नट मोजून त्या मापाची गोटी (सॉकेट) आणि दांडा घ्या. गोटी सहा कोनी असावी, बारा कोनी नको. बारा कोनी गोटी फक्त कोपऱ्यांवर दाब देते, सहा कोनी बोल्टची सपाट बाजू धरते. गंजलेल्या नटावर हा फरक लगेच कळतो. स्क्रू पाना आणि पकड नट-बोल्टपासून लांब ठेवा. पकड ही वायर, क्लिप आणि स्प्लिट पिन यांच्यासाठी आहे.

स्क्रू ड्रायव्हरबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण ही चूक दहा घरांपैकी नऊ घरांत होते. ब्रेक मास्टर सिलिंडरच्या झाकणावर किंवा स्विचच्या डब्यांवर जे चौफुली खाचेचे स्क्रू असतात, ते दिसतात साध्या फिलिप्ससारखे, पण जपानी घराण्यातल्या गाडीवर ते बऱ्याचदा जपानी मानकाचे, म्हणजे जेआयएस खाचेचे असतात. अशा अनेक स्क्रूंच्या डोक्यावर एक बारीक ठिपका असतो. फिलिप्सचं टोक त्या खाचेत तळापर्यंत बसत नाही. जोर लावला की ते वर सरकतं, बाहेर उडतं आणि खाचेच्या कडा खातं. दोनदा उडालं की स्क्रू गेला. जेआयएस टोकाचा २ नंबरचा आणि ३ नंबरचा ड्रायव्हर मिळवा, व्हेसल नावाच्या जपानी कंपनीचे इथेही मिळतात. स्क्रू सोडवताना आपल्या जोराचा मोठा हिस्सा आत दाबण्यात जावा, थोडाच फिरवण्यात. जाम झालेल्या स्क्रूवर गंज सोडवणारं तेल टाकून रात्रभर ठेवा, आणि तरीही हलला नाही तर हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरा. तो ठोक्यासरशी एकाच वेळी आत दाबतो आणि फिरवतो. ब्रेकच्या झाकणावर मात्र तो चालवू नका, तिथे खाली नाजूक ॲल्युमिनियम आहे.

बाकी किरकोळ: ४, ५, ६ ची एलन की, प्लास्टिकची हातोडी, तारेचा ब्रश, फिलर गेज (बारीक फट मोजायची पाती), साधा डिजिटल मल्टिमीटर, हवेचा गेज, आणि मिलिलिटरच्या खुणा असलेलं मापाचं भांडं.

आता जोर. इंजिनच्या झाकणांवरचे ६ मिमीचे बोल्ट साधारण १० ते १२ न्यूटन-मीटरवर (हे फिरवण्याच्या जोराचं माप) कसतात. हा आकडा हाताला काहीच सांगत नाही, म्हणून तो वजनात बघू. पान्यावर बोल्टच्या मध्यापासून २० सेंटिमीटरवर ५ किलोचा ओढा लावला की साधारण १० न्यूटन-मीटर होतात. ५ किलो! आपला हात सहज २० किलो ओढतो. म्हणजे "जरा घट्ट करू" म्हणून मनगटासकट जोर लावला की बोल्टवर गरजेच्या चौपट भार येतो. ॲल्युमिनियममधले आटे त्याच्या बरेच आधी निघून येतात.

टॉर्क रेंच येईपर्यंत घरातला बॅगा तोलायचा हुकाचा वजनकाटा हेच काम करतो. रिंग पाना बोल्टवर बसवा, दांड्यावर २० सेंटिमीटरवर खूण करा, तिथे दोरीने काटा अडकवा आणि पान्याशी बरोबर काटकोनात ओढा. काट्यावर ५ किलो दिसले की थांबा. तेलाच्या ड्रेन बोल्टला २५ सेंटिमीटरवर १० किलो, म्हणजे साधारण २५ न्यूटन-मीटर. गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत किलोग्रॅम-मीटरमध्ये आकडा असेल तर त्याला ९.८ ने गुणा. ही कसरत चार-पाच वेळा केली की मनगटाला ओळख पटते: ६ मिमीचा बोल्ट दोन बोटं आणि अंगठ्याने, पाना तोंडाजवळ धरून कसायचा असतो. दांड्याच्या टोकाला मूठ वळून तो कधीच कसायचा नाही.

टॉर्क रेंच घेताना त्याचा पट्टा बघा. २० पासून सुरू होणारा मोठा रेंच ॲक्सलला चालतो, पण ज्या ६ मिमी बोल्टांचे आटे सगळ्यात जास्त जातात, त्यांच्या उपयोगाचा तो नाही. एकच परवडत असेल तर ५ ते २५ चा छोटा घ्या आणि मोठ्या नटांना वजनकाटा वापरा. "टक्" आवाज आला की सोडून द्यायचा, खात्री म्हणून आणखी एकदा ओढायचा नाही. बोल्ट सोडवायला तो वापरू नका, आणि ठेवताना स्प्रिंग सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवा. आणखी एक गोष्ट: पुस्तिकेतले आकडे स्वच्छ, कोरड्या आट्यांसाठी असतात. आट्यांना ग्रीस लावून तोच आकडा गाठला तर घर्षण कमी झाल्यामुळे बोल्ट प्रत्यक्षात जास्त ताणला जातो.

कामाला सुरुवात तेलापासून करा. गाडी मेन स्टँडवर, सपाट जागेवर. इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून कोमट करा. फार गरम नको, हात भाजतो. आधी वरचं तेल भरायचं झाकण उघडा, मग खालचा ड्रेन बोल्ट. तो बहुतेकदा १७ चा असतो. इथे नवख्याची ठरलेली चूक होते. बोल्ट गाडीच्या पोटाखाली असतो आणि आपण वरून, बाजूने हात घालतो, त्यामुळे दिशा उलटी भासते. सोडवतोय असं वाटत असताना माणूस कसत राहतो, आणि शेवटी कडकन आटे येतात. खाली वाकून बोल्टच्या डोक्याकडे सरळ बघा. डोक्याकडून पाहिल्यावर घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरवलं की तो सुटतो. शंका असेल तर हातातला पाना टेकवून ठेवा आणि डोकं खाली नेऊन पुन्हा बघा.

तेल पाच मिनिटं निथळू द्या आणि बोटावर घेऊन बघा. काळं असणं ठीक आहे, उन्हात धरल्यावर हलकी करडी चमक दिसणंही नव्या गाडीत ठीक आहे. नखाला लागणारे धातूचे कण किंवा दुधाळ रंग दिसला तर गाडी जाणत्या मेकॅनिकला दाखवा. स्प्लेंडर, शाइनसारख्या गाड्यांना १०डब्ल्यू-३० तेल लागतं, पल्सरच्या अनेक मॉडेलांना २०डब्ल्यू-५०. त्याहून महत्त्वाची खूण डब्याच्या मागे असते: जासो (जपानी तेल मानक) एमए किंवा एमए२. या गाड्यांचा क्लच त्याच तेलात बुडालेला असतो. स्कूटरसाठीचं एमबी किंवा मोटारीचं तेल घातलं तर त्यातल्या घर्षण कमी करणाऱ्या द्रव्यांमुळे क्लच घसरू लागतो. चढावर इंजिनचा आवाज वाढतो पण गाडी पुढे जात नाही.

ड्रेन बोल्टखालचा वॉशर दरवेळी नवा टाका. तो मऊ असतो आणि चेपून बसल्यामुळेच गळती थांबते. जुना, आधीच चेपलेला वॉशर परत लावला की तेल पाझरतं, मग माणूस बोल्ट आणखी कसतो, आणि गोष्ट पुन्हा आट्यांवर येते. बोल्टचे पहिले तीन-चार फेरे बोटांनीच फिरले पाहिजेत. अडकला तर तो तिरपा बसतोय. काढा, पुसा, पुन्हा लावा.

पुस्तिकेत तेलाचे दोन आकडे असतात, एक नुसतं तेल बदलताना आणि दुसरा इंजिन पूर्ण खोलल्यावर. आपल्यासाठी पहिला. त्याहून १०० मिलिलिटर कमी भरा, इंजिन दोन-तीन मिनिटं चालवा, बंद करून तेवढीच वाट बघा आणि मग डिपस्टिकवर मोजून उरलेलं घाला. होंडा घराण्यातल्या इंजिनांवर डिपस्टिक नुसती टेकवून मोजायची असते, आटे फिरवून नाही. काही कंपन्यांच्या गाड्यांत ती पूर्ण फिरवून मोजतात. हे पुस्तिकेत बघूनच करा, कारण टेकवून मोजायची डिपस्टिक फिरवून मोजली तर पातळी खोटीच वर दिसते. तेल जास्त झालं तर ते घुसळून फेसाळतं, इंजिन जड चालतं आणि ब्रीदरच्या नळीतून एअर फिल्टरमध्ये चढतं. स्प्लेंडरसारख्या इंजिनांना कागदी ऑइल फिल्टर नसतो. गाळ धरणारी फिरती वाटी आणि जाळी क्लच कव्हरच्या आत असते, ते काम सध्या मेकॅनिककडे राहू द्या.

पुढे कधी एखादं झाकण काढलंत तर पुठ्ठ्यावर त्याचा आकार काढा आणि प्रत्येक बोल्ट ज्या भोकातून निघाला तिथेच पुठ्ठ्यात खोचा. हे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात. आखूड बोल्ट लांब भोकात गेला तर दोन-तीनच आटे धरतो आणि तेवढेच घेऊन बाहेर येतो. लांब बोल्ट आखूड भोकात गेला तर झाकण दाबलं जाण्याआधीच तळाला टेकतो. आपल्याला वाटतं कसला गेला, प्रत्यक्षात झाकण सैल असतं. आणखी जोर लावला तर कास्टिंग फुटतं. आटे गेलेच तर एमसील भरू नका. लेथवाल्याकडून किंवा चांगल्या गॅरेजमधून हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारी तारेची गुंडाळी, बसवून घ्या, ते मूळच्या आट्यांपेक्षा मजबूत होतं.

चेन हे दुसरं काम, आणि यात जिवाचा प्रश्न आहे म्हणून सावकाश करा. गाडी मेन स्टँडवर, न्यूट्रलमध्ये. चेन केस असेल तर खालचं रबरी बूच काढा. खालच्या चेनच्या मध्यावर बोटाने वर-खाली करून हालचाल मोजा. बहुतेक छोट्या गाड्यांत ती २० ते ३० मिमी असते, नेमका आकडा पुस्तिकेत किंवा स्टिकरवर. चाक हाताने थोडं थोडं फिरवत चार-पाच ठिकाणी मोजा. चेन सगळीकडे सारखी ताणली जात नाही, आणि माप जिथे ती सगळ्यात घट्ट असेल तिथलं धरायचं. घट्ट चेन शांत चालते म्हणून लोक ती तशी ठेवतात, पण दोन माणसं बसून मागचा सस्पेन्शन दबला की दोन स्प्रॉकेटमधलं अंतर वाढतं. ढील नसेल तर तो सगळा ताण गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर आणि मागच्या हबवर जातो.

ड्रम ब्रेक असलेल्या गाडीत ॲक्सल नटाबरोबर ब्रेक पॅनेलला धरणाऱ्या टॉर्क आर्मचा नटही सैल करावा लागतो. मग दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर पाव-पाव फेरा फिरवा. एका बाजूला पाव, दुसऱ्या बाजूला पाव, मग मोजा. स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांवरच्या) खुणा दोन्हीकडे सारख्या आल्या पाहिजेत, नाहीतर चाक तिरपं बसून टायर आणि चेन एका बाजूने झिजतात. चाक पुढे ढकलून ॲडजस्टरवर घट्ट बसवा आणि मगच ॲक्सल नट कसा. छोट्या गाड्यांत हा आकडा साधारण ५० ते ६० न्यूटन-मीटर असतो, म्हणजे ३० सेंटिमीटरच्या दांड्यावर २० किलोच्या आत-बाहेर. कसल्यावर ढील पुन्हा मोजा, कारण ती बदलते. मग टॉर्क आर्मचा नट कसून त्यात नवी स्प्लिट पिन टाका. हा नट विसरून गाडी रस्त्यावर नेली आणि आर्म सुटला, तर ब्रेक दाबताच पॅनेल हबबरोबर गरकन फिरतं, रॉड ओढला जातो आणि मागचं चाक जाम होतं. म्हणून नटावर रंगाचा ठिपका द्या. रोज गाडी काढताना डोळे आपोआप तिथे जातील. चाक मागे सरकलं की मागच्या ब्रेकचा प्लेही बदलतो. पेडलला २० ते ३० मिमी ठेवा आणि ब्रेकचा दिवा वेळेवर लागतो का बघा.

चेन लॉकची क्लिप कधी काढलीत, तर परत लावताना तिचं बंद टोक चेन ज्या दिशेला पळते त्या दिशेला हवं. उलटी लावली तर घासून निघून जाते. चेन पुसताना किंवा तेल देताना इंजिन चालू करून गिअर टाकून चाक फिरवायचं नाही. बोटं अशीच जातात. चाक हाताने फिरवा. साध्या चेनला ९० नंबरचं गिअर ऑइल पुरतं, दर ५०० किलोमीटरला, आणि कोकणातल्या पावसात त्याहून लवकर. ओ-रिंगच्या चेनला पेट्रोल लावू नका, रबर फुगतं.

प्लगबद्दल थोडक्यात. इंजिन पूर्ण थंड असावं. काढण्याआधी प्लगभोवतीची माती फुंकून काढा, नाहीतर ती सरळ सिलिंडरमध्ये पडते. १० मिमी आट्यांच्या प्लगला १६ चा प्लग पाना लागतो. नवा प्लग हाताने टेकेपर्यंत फिरवायचा, मग पान्याने अर्धा फेरा. तोच जुना प्लग परत लावत असाल तर त्याचा वॉशर आधीच चेपलेला असतो, तेव्हा एक-दशांश फेऱ्यापुरतंच कसा.

टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागातली फट, जुळवणं घरी शिकता येतं, पण वर्षभराच्या सवयीनंतर. आत्ता एवढंच लक्षात ठेवा की थोडा आवाज करणारा टॅपेट बंद झालेल्या टॅपेटपेक्षा बरा. गॅप नाहीसा झाला की व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन जातं आणि एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह जळतो. "टिकटिक बंद करून द्या" असा हट्ट मेकॅनिककडे कधीच धरू नका. थंड इंजिनवर, पुस्तिकेतल्या मापाचं पातं किंचित अडत सरकलं पाहिजे. माप बहुधा मिलिमीटरच्या दहाव्या हिस्स्याच्या आतच असतं, त्यामुळे अंदाजाने ते जमत नाही.

एअर फिल्टर तेलकट कागदाचा असेल तर त्याला हवा मारू नका, त्याचं तेलच धूळ धरतं. तो धुवायचा नाही, बदलायचा. बॅटरी काढताना आधी निगेटिव्ह, लावताना आधी पॉझिटिव्ह. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर मल्टिमीटरवर १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा हवा आणि इंजिन चालू असताना १४ च्या जवळपास. चालू असतानाही १३ च्या खाली राहिला तर दोष चार्जिंगचा आहे, नवी बॅटरी घेऊन उपयोग नाही.

डिस्क ब्रेकचं तेल, कॅलिपर आणि १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचं मानक) गाड्यांची इंधनाची लाइन यांना अजून हात लावू नका. इंजेक्शनच्या लाइनमध्ये पेट्रोल दाबाखाली असतं, पाइप निसटला तर ते फवाऱ्यासारखं गरम इंजिनवर उडतं. ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी शोषतं, म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलावं लागतं. ते जाणत्या माणसाकडून करून घ्या आणि शेजारी उभं राहून बघा.

काम झाल्यावर पहिल्या ५० किलोमीटरनंतर ड्रेन बोल्टखाली कोरडं बोट फिरवा, ॲक्सल नट आणि टॉर्क आर्म पुन्हा तपासा. काढलेलं काळं तेल मापाच्या भांड्यात ओतून बघा. भरलं होतं त्यापेक्षा बरंच कमी निघालं आणि बाहेर कुठे गळती नसेल, तर इंजिन तेल जाळतंय. तो आकडा, तारीख आणि किलोमीटर वहीत लिहा, आणि तेल झाकणाच्या कॅनमध्ये भरून गॅरेजच्या जुन्या तेलाच्या पिंपात नेऊन ओता. गटारात किंवा झाडाच्या मुळाशी ते थेंबभरही जाऊ देऊ नका.